पहिला तोडा: काय कवळं खुडायचं आणि काय वेलीवर पिकू द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरजवळ घरामागं थोडी काळ्या मातीची जागा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भेंडी, गवार, काकडी, दोडका, दुधी आणि टरबूज टोकलं, टोमॅटो-मिरचीची रोपं लावली. नळाला तीन दिवसांआड पाणी. आता एप्रिलच्या मध्यावर पहिलं माळवं हाताशी आलंय, पण भेंडी दोन दिवसांत निबर होते, पहिली काकडी कडू निघाली, मोठं दिसणारं टरबूज कापलं तर आतून पांढरं, टोमॅटो लाल न होता पिवळेच राहतात. चार वर्षांच्या केसर कलमाला पहिल्यांदाच दहा-बारा आंबे आहेत, ते कधी उतरवायचे कळत नाही. शिवाय सासूबाईंचं म्हणणं, पहिलं फळ बियाला ठेवावं. ते बरोबर का?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी उत्तर त्यातच दडलंय. पहिलं फळ देवापुढं जरूर ठेवा, पण बियाला ठेवू नका. भेंडी, गवार, काकडी, दोडका, दुधी ही फळं आपण त्यांचं बी भरायच्या आधी खातो. झाडाचा सगळा जीव बियात असतो. एका शेंगेत बी पक्व होऊ लागलं की झाड अन्न तिकडं वळवतं आणि नवी कळी धरणं मंदावतं. पहिल्या आठ दिवसांत विसरलेल्या दोन निबर शेंगा पुढच्या महिन्याचा तोडा कमी करतात. म्हणून या गटातलं पहिलं फळ लहान वाटलं तरी वेळेवर काढायचंच. खायच्या लायकीचं राहिलं नसेल तरी काढायचं.

टरबूज आणि खरबूज यांचं नेमकं उलटं. त्यांची साखर वेलीवरच तयार होते. तोडल्यावर खरबूज मऊ पडेल, वासाला येईल, पण गोडी वाढत नाही. टरबूज तर तसंच राहतं. आणि तिसरा गट टोमॅटो, आंबा, पपईचा. ही फळं पूर्ण भरली की तोडून घरात पिकवता येतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात कित्येकदा तसंच करणं शहाणपणाचं असतं. कुठलं फळ कुठल्या गटातलं हे एकदा मनात पक्कं बसलं की निम्म्या चुका थांबतात.

आधी भेंडी, कारण तिथं वेळेचा हिशेब सगळ्यात कडक आहे. पेरणीपासून साधारण ४० ते ४५ दिवसांत पहिलं फूल येतं. भेंडीचं पिवळं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तिथून शेंग खायला येते ती उन्हाळ्यात अवघ्या ४ ते ६ दिवसांत. पारा ४० वर गेला की चार दिवसच धरा. म्हणून भेंडीचा तोडा दिवसाआड, एकही खाडा न करता. लांबी ८ ते १० सेंटिमीटर, म्हणजे मधल्या बोटाएवढी. पण लांबीपेक्षा शेंड्याची परीक्षा खरी: शेंगेचं टोक अंगठ्यानं वाकवा. कट्‌ आवाज होऊन तुटलं तर कवळी. वाकून लोंबत राहिलं, तुटताना धागा ओढला गेला तर निबर. शेंग मधोमध मोडून पाहिली तर कवळ्या शेंगेतलं बी पांढरं आणि दाबलं की फुटणारं असतं. निबर शेंगेत ते दातांना लागतं आणि शिरांच्या कडेला लाकडासारखी धार आलेली असते.

पहिल्या शेंगा झाडाच्या अगदी खाली, पानांच्या बगलेत लपलेल्या असतात. वरून पाहिलं तर दिसत नाहीत, आणि नेमक्या त्याच निबर होतात. खाली वाकून, पान बाजूला सारून बघायचं. तोडताना ओढू नका. ओढल्यानं कवळी फांदी सालीसकट सोलून निघते. लहान कात्रीनं अर्धा सेंटिमीटर देठ ठेवून कापा. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला, नाहीतर भेंडीच्या लवेनं हात दिवसभर खाजतात. तोडलेली भेंडी धुऊन ठेवायची नाही, ओली भेंडी चिकट होऊन काळी पडते. फ्रीजमध्ये ठेवायचीच तर वरच्या थंडगार कप्प्यात नको, फार गारव्यानं तिच्यावर काळे डाग येतात. खालच्या भाजीच्या डब्यात, कोरड्या कापडात गुंडाळून, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. पानांच्या शिरा पिवळ्या पडून शेंगाही पिवळट येत असतील तर तो केवडा. पांढरी माशी तो पसरवते. शेंग विषारी नसते, फक्त लवकर चिवट होते. पण ते झाड ठेवून उपयोग नाही, उपटून बाहेर टाका.

गवारीचं सोपं आहे. दाणे शेंगेवरून उठून दिसायच्या आधी, तीन-चार दिवसांआड. मिरचीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट बहुतेक जण चुकतात: खोडाला पहिला फाटा फुटतो तिथं, अगदी खाचेत, पहिलं फूल येतं. ते खुडून टाका. हाताशी आलेली पहिली मिरची टाकवत नाही हे खरं, पण ती ठेवली तर रोप लहानपणीच फळाच्या मागं लागतं आणि फांद्या कमी फुटतात.

आता वेलवर्ग. फुलं येतात आणि गळतात, फळ धरत नाही, अशी तक्रार पहिल्या पंधरा दिवसांत हमखास असते. त्यात बिघडलेलं काही नसतं. काकडी, दोडका, दुधीला सुरुवातीला नर फुलंच येतात, आणि ती गळायचीच. मादी फूल ओळखायचं ते पाकळ्यांच्या मागं बसलेल्या इवल्याशा फळावरून. उन्हाचा चटका वाढला की नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं. मादी फूल येऊनही मागचं पिल्लू पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण झालेलं नाही. ते हातानं करा: नर फूल तोडून पाकळ्या मागं दुमडा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवा. वेळ मात्र पाळा. काकडी, टरबूज, खरबूज, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात, तिथं नऊच्या आत काम उरका. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. दुधीचं पांढरं फूल तर दिवेलागणीला. सकाळी दुधीच्या मिटलेल्या फुलाशी खटपट करून काही हाती लागत नाही.

काकडी फूल उमलल्यापासून आठवडाभरात तोडायला येते. टोकाचं वाळलेलं फूल गळालेलं किंवा गळायच्या बेतात, अंगावर बारीक काटे अजून हाताला लागतात, रंग एकसारखा. बूड पिवळं पडू लागलं की उशीर झाला. दोडका नख लावून पाहा: दोन शिरांच्या मधे नख सहज रुतलं पाहिजे. शिरा हाताला धारदार, ताठ लागल्या आणि फळ वजनाला हलकं वाटलं तर आत जाळी धरायला लागलीय. दुधीची खूण फार सुंदर आहे. कवळ्या दुधीवर मखमलीसारखी लव असते, बोट फिरवलं की जाणवते. ती लव झडून साल गुळगुळीत, चकचकीत झाली की दुधी बियाच्या वाटेला लागला. कारलं हिरवं, काटे भरलेले, पण दोन काट्यांमधली साल ताणून चमकायच्या आधी काढा. पिवळी छटा आली की दोन दिवसांत ते उकलतं.

कडू काकडीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण इथं नुसत्या चवीचा नाही, जिवाचाही प्रश्न असतो. या कुळातल्या सगळ्याच वेलींत कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. पाना-मुळांत ते नेहमीच असतं, फळात उतरतं ते वेलीला ताण बसला की. तीन दिवस कोरडं आणि चौथ्या दिवशी आळं तुडुंब, वर ४० अंशांचं ऊन, हा नेमका तो ताण. काळी माती ओली असताना पाणी धरते, पण वाळली की भेगाळते आणि त्या भेगांत बारीक मुळ्या तुटतात. शेजारी कारलं लावलं म्हणून काकडी कडू झाली, हे मात्र खरं नाही. काकडी आणि कारल्याचा संकर होत नाही, आणि परागाचा परिणाम झालाच तर तो बियात असतो, यंदाच्या गरात नाही.

उपाय पाण्याचाच. नळ तीन दिवसांआड असेल तर टाकीत, पिंपात साठवा आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं द्या. फळावर असलेल्या काकडीच्या एका वेलीला या दिवसांत रोज तीन-चार लिटर लागतं. आळ्यात सोयाबीनचा भुस्सा किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, खोडाला चिकटू देऊ नका. त्याहून बरं म्हणजे दोन वेलींच्या मधे बिनरंगाचं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवणं. ते दोन-तीन दिवस झिरपत राहतं, आणि मुळ्या त्याभोवतीच गोळा होतात. कडवटपणा देठाकडं आणि सालीलगत जास्त असतो, म्हणून देठाकडचा इंचभर तुकडा कापून टाका आणि साल जाड काढा. कापलेला तुकडा घासून फेस काढल्यानं जो काही फरक पडतो तो थोडा, खरा फरक कापून टाकण्यानं पडतो.

दुधीच्या बाबतीत तडजोड नको. कापल्याबरोबर कच्चा तुकडा जिभेच्या टोकाला लावून पाहा, आणि कडू लागला तर थुंकून सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही कडू रस पिऊ नये असं बजावलंय. शिजवल्यानं हे द्रव्य जात नाही. साखर-लिंबू घालून चव दडवणं तर सगळ्यात धोक्याचं.

फळ वाकडं येतंय, एका ठिकाणी टोचल्यासारखा खड्डा आणि त्यातून डिंकासारखा थेंब, तर ती फळमाशी. आत अळ्या असतात. असं फळ वेलीवर ठेवू नका, खतातही टाकू नका; प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस भर उन्हात ठेवा, मग पुरा. वेलवर्गासाठी क्यू ल्यूर या माशीला ओढणाऱ्या गंधाचा सापळा लागतो. आंब्याच्या फळमाशीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा इथं चालत नाही. दुकानातून आणताना हे बघून घ्या.

टरबूज पांढरं निघालं ते आकारावर भरवसा ठेवल्यामुळं. टरबूज आधी आकारानं वाढतं आणि शेवटच्या आठ-दहा दिवसांत गोड होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकलेल्या शुगर बेबीसारख्या जातीला ७५ ते ८० दिवस धरले तर तोडा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो. दुसरा हिशेब जास्त नेमका: मादी फूल धरल्यापासून ३० ते ३५ दिवस. फळ लिंबाएवढं झालं की देठाजवळ काडी रोवून तिला तारखेची चिंधी बांधा.

मग तीन खुणा, आणि तिन्ही जुळल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिली, बाळी. फळाचा देठ वेलीला जिथं जोडलाय त्याच पेरावर स्प्रिंगसारखा गुंडाळलेला एक तंतू असतो. शेजारच्या पेरावरचा नाही, त्याच पेरावरचा बघा. तो हिरवा असेल तर फळ कच्चं. टोक वाळलं पण बुडाशी हिरवा असेल तर आणखी आठवडाभर थांबा. बुडापर्यंत तपकिरी होऊन चुरडला गेला तर तयार. दुसरी, फळ जमिनीला टेकतं तिथला डाग. तो पांढरा किंवा फिकट हिरवा नको, लोण्यासारखा पिवळसर हवा. हे बघण्यासाठी फळ उलटं करू नका, थोडंसं कलतं करा. देठ पिळला गेला की वेल तिथून सुकते. तिसरी, आवाज. भल्या सकाळी, फळ गार असताना टिचकी मारा. कच्चं टणटण वाजतं, पिकलेलं डबडब असा बसका आवाज देतं. दुपारी तापलेल्या फळाचा आवाज फसवतो. नुसत्या आवाजावर तर बाजारातले जाणकारही चुकतात, म्हणून बाळीला मान द्या.

वेलीच्या बुडाशी, पहिल्या सात-आठ पानांच्या आत धरलेलं फळ ठेवू नका. ते बहुधा लहान, जाड सालीचं राहतं. त्यापुढची दोन, फार तर तीन फळं एका वेलीला पुरेत. तोडायच्या आधी पाच-सहा दिवस पाणी निम्म्यावर आणा, एकदम बंद नको. आणि याच दिवसांत वळीव आला तर मात्र घाई करा: कोरड्या मातीवर एकदम पाणी पडलं की पिकत आलेलं टरबूज तडकतं. उघड्यावर पडलेल्या फळावर वाळलं गवत झाका, नाहीतर वरची बाजू उन्हानं भाजून पांढुरकी पडते. कापलेलं पांढरं टरबूज वाया घालवू नका. कडू नसेल तर साल काढून दुधीसारखी भाजी होते, किसून थालीपिठातही जातं. खरबुजाला इतकी परीक्षा लागत नाही. देठाभोवती बारीक चीर पडते, जवळ गेलं की वास येतो आणि अंगठ्याच्या हलक्या दाबानं फळ देठापासून सुटतं. ओढावं लागलं तर ते कच्चं आहे.

टोमॅटो पिवळे राहतात यात तुमच्या खताचा दोष नाही. टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य साधारण ३० अंशांच्या वर नीट तयारच होत नाही. पिवळं-केशरी मात्र होत राहतं. म्हणून एप्रिलमध्ये टोमॅटो झाडावर लाल व्हायची वाट बघायची नाही. बुडाकडं पहिली गुलाबी-पिवळी झाक उमटली, म्हणजे रंग फुटला, की सकाळी तोडा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाजवळ म्हणा, परातीत एकेरी थरानं देठ खाली करून ठेवा. चार-सहा दिवसांत पिकतात. फ्रीजमध्ये कच्चे ठेवले तर पिकणं थांबतं आणि चव मरते. बुडाला काळा, चामड्यासारखा डाग दिसला तर ती बुरशी नव्हे. पाणी मागं-पुढं झाल्यानं कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, त्याचा परिणाम. औषध फवारून तो जात नाही, रोजच्या पाण्यानं पुढची फळं सुधारतात. दिवसाचं तापमान ३५ च्या पुढं गेलं की फुलं गळणारच. पश्चिमेकडून ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी लावली तर आहे तो माल वाचेल, नव्या फळाची फार आशा धरू नका.

तोड्याची वेळ सगळ्यांना एकच: सूर्य वर यायच्या आत, सहा ते आठ. आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं असलं की फळ रसानं भरलेलं असतं. दुपारी बारा वाजता तोडलेली काकडी रात्रीपर्यंत मऊ पडते. दुरडीत ओलं गोणपाट घालून त्यावर कोरडं फडकं, फडक्यावर माळवं, आणि दुरडी सावलीतच. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळं ओल्या गोणपाटाचा गारवा इथं चांगला लागू पडतो. घरी जास्त माल येत असेल तर विटांच्या दुहेरी भिंतीत चार बोटं वाळू भरून ती ओली ठेवायची, वर गवताचं झाकण. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं दिलेली ही बिनविजेची शीतपेटी आहे. मात्र तिला रोज दोनदा पाणी लागतं, तेव्हा टँकरवर दिवस काढणाऱ्या घरानं माठाशेजारचा कोपराच वापरावा. आणि तोड्याआधी काही रासायनिक फवारलं असेल तर डब्यावर किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. तो काळ संपेपर्यंत तोडलेलं माळवं खायचं नाही, पण भेंडी तोडत मात्र राहायचं, आणि ती टाकून द्यायची.

आता आंबा. मराठवाड्यात केसर साधारण मेच्या मध्यापासून उतरतो, त्यामुळं अजून महिनाभर वेळ आहे. अक्षय तृतीयेला आंबा ताटात हवा म्हणून कच्चा उतरवू नका. खूण खांद्यांची: कच्च्या कैरीत देठापासून गाल खाली उतरत जातात, आंबा भरला की दोन्ही खांदे देठाच्या वर उठतात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. गडद हिरवा रंग फिका होतो. झाडाखाली एखादा पिकलेला, पोपटानं टोचलेला आंबा मिळाला तर पाड लागला असं समजा. खात्रीसाठी एक आंबा बादलीतल्या पाण्यात सोडा. बुडाला तर भरलाय, तरंगला तर बाकीचे आठवडाभर राहू द्या.

उतरवताना काठी मारू नका, हलवून पाडू नका. दहा-बाराच आंबे आहेत, कात्रीनं बोटभर देठ ठेवून कापा, वरचे असतील तर झेल्यानं. देठ मुळापासून तुटला की चीक फळावर ओघळतो, साल भाजते आणि पिकताना तिथं काळा डाग सडतो. घरी आणून देठ अर्ध्या सेंटिमीटरवर कापा, फळं तासभर देठ खाली करून गोणपाटावर ठेवा, चीक निथळला की धुऊन पुसून घ्या. अढीला भाताचा पेंढा आपल्याकडं सहज मिळत नाही. गव्हाचं काड किंवा कोरडं गवत चालतं. खाली चार बोटं काड, त्यावर आंब्यांचा एकच थर, वर पुन्हा काड. आठवडा ते नऊ दिवस. कार्बाईड अजिबात नको, फळं पिकवायला ते वापरण्यावर कायद्यानंच बंदी आहे. दिवसाआड उघडून बघा, डागाळलेला आंबा लगेच बाहेर काढा.

राहिलं बी. पाकीट संकरित वाणाचं असेल तर बी धरू नका, पुढची झाडं तशी येत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी किंवा घरचं गावरान वाण असेल तर जरूर धरा, पण चार-पाच तोडे झाल्यावर. केवडा न आलेलं, भरपूर धरणारं एक झाड निवडा, त्याला लाल चिंधी बांधा आणि तिथून पुढं त्या झाडाची एकही शेंग तोडू नका. शेंगा झाडावरच तपकिरी होऊन शिरांवर उकलू लागल्या की काढा. फुलापासून साधारण महिनाभर तरी लागतो. बी सावलीत वाळवा, दाताखाली कट्‌कन फुटलं की राखेत मिसळून बरणीत भरा आणि बरणीवर वाणाचं नाव नि वर्ष लिहा. काकडी-दोडक्याचं बी हवं असेल तर आदल्या दिवशीच मादी कळी आणि नर कळी दोन्ही दोऱ्यानं बांधून ठेवा, उमलायच्या वेळी हातानं परागीकरण करा आणि मादी फूल पुन्हा बांधा, नाहीतर शेजारच्या वाणाचा पराग येऊन मिसळतो.